पायलीवरची शीग

झोडणी सुरू झाली की आमच्या गावाला एक वास सुटतो. कोरड्या पेंढ्याचा, शेणाने सारवलेल्या खळ्याचा, उन्हात तापलेल्या तुसाचा. नाकात तूस जाऊन दिवसभर शिंका येतात, मानेला खाज सुटते आणि वेणीत अडकलेली कुसं रात्री उशीला टोचतात. शहरातून आलेले पाहुणे डोळे मिटून या वासाला ‘आहा’ म्हणतात. मी म्हणत नाही. मला या वासासरशी फुटबॉल आठवतो, फुटबॉलच्या मागोमाग कमिटी आठवते, आणि कमिटी आठवली की माझं डोकं फिरतं.

यंदा त्यात टीव्हीची भर पडली. माझा भाचा निखिल, म्हणजे वसंतदादाचा मुलगा, कल्याणला नोकरीला लागलाय. सुट्टीला गावी आला की आमच्याकडेच ठाण मांडतो, कारण केबल आमच्याकडे आहे. परवा मी ओटीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होते, आमचे हे उंबऱ्याशी बसून सुंभ वळत होते आणि आत टीव्हीवर कोट घातलेली तीन माणसं कुठल्यातरी परदेशी फुटबॉलवर तावातावाने बोलत होती.

“आत्या, तिकडे कसला भारी नियम आहे बघ,” निखिल म्हणाला. “एका संघाने खेळाडूंच्या पगारावर मिळून अमुक इतकाच खर्च करायचा. एक पैसा जास्त नाही. म्हणजे पैसेवाला मालक सगळे चांगले प्लेअर गोळा करू शकत नाही. सगळे संघ सारखे!”

मला इतकं हसू आलं की सुपातला कोंडा उडून माझ्याच तोंडावर आला. निखिलला वाटलं, आत्याला काही कळलं नाही. त्याने मग पुन्हा, हळूहळू, पहिलीच्या पोराला सांगावं तसं समजावलं. मी तालुक्याच्या शाळेत अर्धं आयुष्य पहिलीच्याच पोरांना शिकवलंय, म्हणून ऐकून घेतलं.

अरे बाबा, त्या कोटवाल्यांना कुणीतरी सांगा. असा नियम आमच्याकडे त्यांच्याआधी येऊन गेला. नुसता आला नाही, राहिला, जेवला आणि ताट घेऊन गेला.

आमच्या भागात फुटबॉल आणला तो भातसानगरच्या कॉलनीने. धरणाच्या नोकरीवर एक कोल्हापूरचे ओव्हरसियर आले होते. बदलीच्या सामानात त्यांनी गादीच्या वळकटीत एक चेंडू बांधून आणला होता. संध्याकाळी कॉलनीतली पोरं त्यामागे धावायची. मग आजूबाजूच्या गावातली धावायला लागली. नव्वद साल उलटून गेलं तोवर शहापूर-मुरबाडच्या बऱ्याच गावांत एकेक संघ उभा राहिला होता. मैदान वगैरे कुणाकडे असणार? भात कापून झालं की रिकामं शेत हेच मैदान. बांबूचे गोल. रेघा मारायला फक्की परवडत नसे, म्हणून भाताच्या गिरणीतलं तूस आणून पसरायचे. वारा आला की मैदानाची हद्द सरकायची आणि चेंडू बाहेर गेला की आत होता यावर तासभर भांडण चालायचं. पायात बूट नाहीत, आणि खाली कापलेल्या भाताची धसकटं. सामना संपला की प्रत्येकाचे घोटे करवंदीच्या जाळीतून आल्यासारखे ओरबाडलेले असत. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त एक ओढा. त्यामुळे दोन्ही घरचे घोटे मी पाहिलेत.

खेळाडूंना पैसे मिळत नसत. भात मिळायचं. गावातलं प्रत्येक घर संघासाठी भात काढून ठेवायचं आणि शेवटचा सामना झाला की ते सगळं खळ्यावर ओतून खेळाडूंना सगळ्यांसमोर मापून द्यायचे. आता लोकांना वाटतं त्या भातासाठी खेळत असतील. छे! आमच्या घरात दोन पगार येत होते, माझा शाळेचा आणि यांचा कालव्याचा. वरून स्वतःचं शेत. त्या भाताने आमची चूल पेटत नव्हती. मोल होतं ते मापून देण्याला. संघाचा कॅप्टन म्हणजे माझा वसंतदादा पायली घेऊन उभा राहायचा आणि खड्या आवाजात नाव पुकारायचा, बापाच्या नावासकट, जागेसकट. नाव आलेल्या माणसाने पुढे येऊन खांद्यावरचा टॉवेल पसरायचा. पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हणत नाही आमच्याकडे, ‘लाभ’ म्हणतात. दादा ‘लाभ!’ म्हणून ओरडायचा आणि सगळं गाव माना वळवून बघायचं.

“गणपत धोंडू, बॅक… लाभ!”

हे आमचे हे. मी यांचं नाव घेत नाही. शाळेत सत्तर पोरांची नावं हजेरीला खडाखड पुकारणारी मी, पण घरात ‘अहो’च्या पुढे गेले नाही. आमच्याकडे तशीच रीत, आणि ती मोडायचं कधी सुचलंही नाही. दादाच्या तोंडून ते नाव खळ्यावर घुमायचं तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात उभी असायची, आणि वर्षातला तेवढा एक क्षण मला ते नाव मोठ्याने ऐकायला मिळायचं. पदराआड मी हसायची, हे आता सांगायला हरकत नाही.

हे खेळायचे मागच्या फळीत. ना कधी गोल केला, ना कुणी यांना खांद्यावर घेऊन नाचलं. चेंडू येईल तिथे हे आधीच उभे असायचे, एवढंच. पाहणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही. न झालेला गोल कुणाला दिसतो?

मग शहापूरच्या एका कंत्राटदाराला खेळाचा पुळका आला. त्याने एका हंगामात थेट कल्याणचे आठ-नऊ खेळाडू उचलून आणले, बूट घातलेले. आमच्या गावांचे संघ त्यांच्यासमोर पाचोळ्यासारखे उडाले. झालं, बैठक बसली. बैठकीचे मुखिया मुरबाड रोडचे गिरणीवाले अण्णा. भाताची गिरण, पांढरी पँट, तोंडात कायम बडीशेप. कंत्राटदार जिंकल्याचं दुःख अण्णांना नव्हतं. आपला संघ जिंकला नाही याचं होतं. पण माणूस हुशार, हे दुःख त्याने न्यायाच्या भाषेत मांडलं. खेळ सगळ्यांचा हाय, सगळ्यांना सारखी संधी पायजे, असं बरंच. शेवटी नियम ठरला: कुठल्याही संघाने हंगामात सगळ्या खेळाडूंना मिळून दोनशे पायलीच्या वर भात द्यायचं नाही. रोख रक्कम तर नाहीच. जो काहीच घेत नाही, तो मोजायचा नाही. टाळ्या वाजल्या. चहा झाला. कंत्राटदाराचा पुळका तिथेच उतरला आणि तो पुन्हा खडी विकायला लागला.

आता या शहाण्यांची गंमत बघा. आमच्या भागात भात दोन तऱ्हेने मापतात. विकायचं असेल तर पायलीवर हात फिरवून सपाट. कुणाला त्याचा वाटा द्यायचा असेल तर वर शीग लावून, दाणे घरंगळेपर्यंत. आणि शीग कधी मोजत नाहीत. शीग मोजली तर बरकत जाते, असं सगळे मानतात. अख्खी कमिटी जन्मभर असंच भात देत-घेत आलेली. त्यामुळे दोनशे पायली सपाट की शिगेची, हा प्रश्न त्या बैठकीत एकाच्याही डोक्यात आला नाही. मर्यादा पायलीला घातली. शीग मोकाट राहिली.

ती मोकळीक सगळ्यात आधी कुणाला दिसली असेल? ज्याने नियम केला त्याला. पुढच्याच हंगामात अण्णांनी शहापूरच्या पत्र्याच्या दुकानातून नवी पायली करून आणली. परातीसारखी पसरट, उंचीला चार बोटं. कुणी शंका काढलीच तर अण्णा स्वतः जुन्या पायलीने भात मापून तिच्यात ओतून दाखवायचे. बरोबर काठाला काठ, एक दाणा जास्त नाही. पण पसरट भांड्यावर शीग चढते ती केवढी! जुन्या पायलीवर मुठी-दोन मुठींची शीग राहायची, हिच्यावर ढीग राहायला लागला. अण्णांच्या फॉरवर्डला हिशोबात तीस पायली आणि घरी नेताना बैलगाडी. वर्षभरात अशी परात प्रत्येक संघाकडे आली. आमच्या दादाकडेसुद्धा. ती आणली त्या दिवशी दादा इतका खूश होता, जणू गोल मारून आलाय.

निखिलच्या टीव्हीवर ते कोटवाले सांगत होते की अशा मर्यादेत संघ बांधणं ही मोठी कला असते. असेल बापडी. मी ती कला आमच्या ओटीवर पाहिली आहे. दादा आला, पाणी प्यायला, विड्याचं पान मागितलं, आणि पान लावता लावता म्हणाला, “गणपत, तू तर घरचाच हायेस. तुला येगळं काय सांगू?”

“सांग की,” हे म्हणाले.

“दोनशेत भागत नाय रे. काळूला जास्ती नाय दिल्या तर अण्णा उचलतील त्याला. मग फुडं कोण खेळल? तू यंदा नाव नको लावू. खेळ, पन घेऊ नको. जो घेत नाय त्याला मोजत नाय.”

काळू म्हणजे सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पोरगा. झोडणीच्या कामाला आमच्याकडे यायचा आणि चेंडू घेऊन पळायला लागला की खरोखर कुणाच्या हाती लागायचा नाही. त्याला द्यावं यात वाद नव्हता.

“बरं,” हे म्हणाले. एवढंच.

मी दारातून विचारलं, “दादा, तुझं नाव लावतोस का नाय?”

“मी कॅप्टन हाय गो,” दादा म्हणाला, आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

जो घेत नाही त्याला मोजत नाही. कमिटीच्या डोक्यातून निघालेलं हे एकच वाक्य मला अजून छळतं. त्या नियमाने श्रीमंताचं काही गेलं नाही, त्याच्याकडे परात होती. काळूसारख्या अव्वल गड्याचं काही गेलं नाही, त्याच्यामागे सगळेच होते. शाळकरी पोरं वडापाववर खेळायला तयार होती, तीही राहिली. गेली ती मधली माणसं. बरी खेळणारी, रोज येणारी, पडलं तर उठणारी. त्यांना थोडं दिलं तर मर्यादेत खड्डा पडतो, आणि न दिलं तर ती काही बोलत नाहीत. आमच्या संघातले असे चार जण एका हंगामात गेले. कुणी कालव्याच्या कामाला, कुणी टेनिस बॉलच्या क्रिकेटला. राहिले एकटे हे, कारण हे घरचे. घरचा माणूस फुकट, हे गणित मांडायला कोट लागत नाही.

त्या हंगामात खळ्यावर नावं पुकारली तेव्हा मी नेहमीच्या जागी उभी होते. दादा गोलकीपरवरून थेट पुढच्या फळीवर गेला. मधे एका नावाएवढी जागासुद्धा सोडली नाही. हे मागे पेंढ्याच्या उडवीला टेकून उभे होते, खांद्यावर टॉवेल. धुतलेला. मीच धुऊन दिला होता, सवयीने.

घरी येऊन मी खूप बोलले. हे म्हणाले, “जाऊ दे गो. खेळाया मिलतंय ना?” दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा, म्हणून मी तो राग दादावर केला. राखीला ओढ्यापलीकडे गेले, राखी बांधली, जेवायला मात्र थांबले नाही.

पुढच्या हंगामात आम्ही शेवटच्या सामन्याला पोचलो. समोर अण्णांचा संघ आणि सामना अण्णांच्या गिरणीमागच्या शेतात. रेघा मारायला तूस मात्र भरपूर होतं. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या अर्ध्यातच काळूचा तळवा धसकटाने फाटला. बदली पाठवायला बाहेर बघावं तर दोन शाळकरी पोरं, त्यातलं एक भेदरून रडकुंडीला आलेलं. बाकीचा संघ दोनशे पायलीत बसला नव्हता ना! काळू फडकं बांधून लंगडत उभा राहिला आणि पुढचा सगळा वेळ खेळ आमच्याच गोलासमोर झाला. मला फुटबॉल काही फार कळत नाही. पण त्या दुपारी न झालेले गोल मी मोजले. चेंडू कुठूनही आला तरी हे तिथे. पाय रक्ताने आणि तुसाने माखलेले. शेवटी एक सुटलाच आणि आम्ही हरलो. दादाने खापर वाऱ्यावर फोडलं.

शेवटच्या सामन्याची वाटणी कमिटीसमोर व्हायची, म्हणून आमचं भातही गाडीत घालून तिथेच, अण्णांच्या गिरणीसमोरच्या खळ्यावर आणलं होतं. पुन्हा नावं, पुन्हा ती उडी. काळूच्या टॉवेलसमोर दादाने परात भरली आणि शीग चढवली, चांगली हातभर. काळूने त्या ढिगाकडे बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं. आणि कोपरापासून आडवा हात फिरवून त्याने सगळी शीग खाली खळ्यावर लोटली.

“ही गणपतदादाची,” तो म्हणाला. “आज त्याचीच हाय.”

मी सूप घेऊन पुढे गेले. वाकले, दाण्यांना हात लावणार तोच अण्णा खुर्चीतून उठले.

“ओ बाई, थांबा! असं नाय चालत. शीग पायलीवर हाय तवर ती शीग. खाली घेऊन दुसऱ्याच्या सुपात घातली का ती भात झाली. मंग मोजाया लागल. तुमच्या दोनशे भरल्यात. येक दाना जास्ती झाला का तुमचा संघ बाद.”

कमिटीतल्या पाच माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या. कुणाला हसू आलं नाही, हेच मला अजून नवल वाटतं. मी दादाकडे बघितलं. भाऊच तो, काहीतरी बोलेल. दादा परात छातीशी धरून म्हणाला, “नियम म्हंजे नियम गो.”

मी तसंच सूप भरलं असतं. संघ बाद झाला असता तर मी पेढे वाटले असते. पण यांनी मागून येऊन माझ्या खांद्याला हात लावला, चारचौघांत, जो यांनी कधी लावला नव्हता. “चल घरी,” म्हणाले.

ती शीग खळ्यावर तशीच पडली. काळूची नाही, यांची नाही, कुणाचीच नाही. आम्ही वळलो तेव्हा गिरणीमागून अण्णांच्या कोंबड्या आल्या आणि निवांत टिपायला लागल्या. कोंबड्यांना मर्यादा नव्हती.

हे त्यानंतर खेळले नाहीत. आमच्याकडे त्यावर बोलणंही झालं नाही. काळूने आमच्या गावाचं नाव टाकलं. अण्णांचा संघ सलग जिंकत राहिला, मग जिंकायला समोर कुणी येईना. गावांनी भात काढणं थांबवलं, आणि दोन हजार साल उलटल्यावर चार-दोन हंगामांत बांबूचे गोल मांडवाला लागले. निखिल म्हणतो ते एका अर्थी खरं आहे. नियमाने शेवटी सगळे संघ सारखे केले. एकही उरला नाही.

हे सगळं मी परवा निखिलला सांगितलं नाही. त्याच्या बापाची ती कर्तबगारी त्याला माझ्याकडून कशाला कळायला हवी? तो टीव्हीकडे बोट दाखवून बोलतच होता. कोण किती घेतो, कोणाला सोडावं लागलं, करार करताना वरून वेगळी रक्कम देतात ती कशी मर्यादेत धरत नाहीत, वगैरे. मी पाखडत राहिले.

सुंभ वळता वळता यांचा हात थांबला. टीव्हीकडे न बघताच यांनी विचारलं, “शीग धरतात का रे त्यात?”

“काय धरतात, काका?”

“शीग.”

“शीग म्हणजे?”

कल्याणला राहून पोरगं भात विसरलं, असं म्हणून मी सोडून देणार होते. पण यांच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं होतं. मी उठले, कणगीमागची जुनी पायली काढली, परात नव्हे, आमची नेहमीची उभी पायली. यंदाच्या भाताने काठोकाठ भरली आणि वर शीग लावली, दाणे घरंगळून ओटीभर होईपर्यंत. निखिल ‘सांडतंय, सांडतंय’ म्हणत हाताने सपाट करायला धावला. मी त्याच्या हातावर चापट मारली.

मग पायली दोन्ही हातांत धरून मी उंबऱ्यासमोर उभी राहिले आणि शेजारच्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, हजेरीला पुकारते तसं, पुकारलं:

“गणपत धोंडू, बॅक… लाभ!”

टीव्हीवरचे कोटवाले बोलतच होते. निखिल आ वासून माझ्याकडे बघत राहिला. यांचे कान लाल झाले.

“येडी झालीस काय गो?” हे म्हणाले.

पण खांद्यावरचा टॉवेल यांनी पसरला होता.